बाबांवरचं एक देखणं वाक्य

नोव्हेंबर लागला की माझ्या घरी मुलं येऊ लागतात. दिवाळीच्या रांगोळ्या अंगणात अजून पुसट दिसत असतात, कूलरवर ताडपत्री बांधायचं काम आज-उद्यावर ढकललेलं असतं, आणि जरीपटक्याच्या बाजारात स्वेटरच्या दुकानांसमोर संत्र्यांचे ठेले लागलेले असतात. या दिवसांत नागपुरात कुठंही जा, कुणीतरी संत्रं सोलतच असतं. मुलंही येताना एका हातात संत्र्यांची पिशवी आणतात. दुसऱ्या हातात मोबाइल किंवा लॅपटॉप, आणि त्यात ते दोन पानांचं प्रकरण असतं. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजेच एसओपी.

परदेशातल्या विद्यापीठात अर्ज करायचा तर हे लिहावं लागतं. तुम्ही कोण, कुठून आलात, हाच विषय कशाला, आणि आम्ही तुम्हालाच का घ्यावं. मार्कशीट वेगळी जातेच. इथं त्यांना म्हणे माणूस बघायचा असतो. आमच्या मुलांना हे भलतंच जड जातं. शाळेत आपण आवडत्या प्राण्यावर लिहितो, सहलीवर लिहितो, पण स्वतःवर दोन पानं लिही असं कुणी सांगत नाही. घरात 'मी, मी' करणाऱ्याला तर टपलीच बसते. मग मुलं आधी जगभरच्या गोष्टी लिहितात, आणि 'यात तू कुठं आहेस?' असं कुणी विचारलं की घाबरून घरातली दुखणी बाहेर काढतात. आईचं, बापाचं, आजीचं, जे हाताशी लागेल ते.

मी एका कॉलेजात इतिहास शिकवते. पण आमच्या भागात मला ओळखतात ते 'एसओपीवाली मॅडम' म्हणून. मला हे नाव अजिबात आवडत नाही, आणि तरी दर वर्षी मी दार उघडते. कॉमा टाकते, मोठी वाक्यं तोडते, 'लहानपणापासून माझं स्वप्न होतं' ही ओळ दिसली की न विचारता उडवते. आणि सगळं झालं की प्रत्येकाला एक प्रश्न विचारते.

परवा खाप्याहून मोनाली आली होती. सकाळच्या एसटीनं आलेली, कपाळावर वाऱ्यानं विस्कटलेले केस, पायात नवे बूट. मुलगी हुशार आहे, मातीच्या परीक्षणावर तिला पुढं शिकायचं आहे. तिच्या आईचं आठवडी बाजारात भाजीचं दुकान असतं. मोनालीनं लिहिलं होतं की माझी आई अडाणी आहे, मी काय शिकते हे तिला कळत नाही, तिच्या जगात अंधाराशिवाय काही नाही. इंग्रजी चांगलं होतं. मी चष्मा काढून ठेवला आणि माझा प्रश्न विचारला.

"हे घरी वाचून दाखवलंस का?"

"मॅडम, इंग्रजीत आहे नं ते."

"मग मराठीत सांगून दाखव. एकेक ओळ."

"आईले कायले सांगू?" ती हसली. "तिले काय समजते त्यातलं?"

"तरी सांग. सांगितल्याशिवाय पाठवू नकोस."

तिनं मान हलवली, पण ती मान मला ओळखीची आहे. मुलांना वाटतं, हे मॅडमचं एक खूळ आहे. शिक्षकांची असतात तशी. खूळच असतं तर बरं झालं असतं. ती गेल्यावर मी तिनं आणलेलं एक संत्रं सोललं, आणि त्या वासाबरोबर तो हिवाळा पुन्हा येऊन माझ्यासमोर बसला. दर वर्षी बसतो. अकरा वर्षं झाली.

माझे बाबा बाइंडर होते. सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीतल्या छापखान्यात त्यांनी उभी हयात पुस्तकं बांधली. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, एका कागदाचा एक फर्मा होतो, ते फर्मे क्रमानं लावायचे, दाभणानं भोकं पाडून शिवायचे, मग पुठ्ठा चढवायचा. त्यासाठी मैद्याची खळ लागायची. तिला कीड लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालायचे, आणि तो खळीचा आंबूस वास त्यांच्या बोटांना कायमचा होता. हिवाळ्यात खळ लवकर वाळत नाही. त्यामुळे या दिवसांत ते थोडं काम घरी घेऊन यायचे, आणि आमच्या वस्तीतल्या त्या चिमुकल्या अंगणात उन्हाच्या तुकड्यामागं पुठ्ठे सरकवत राहायचे. ऊन भिंतीकडं सरकलं की पुठ्ठे भिंतीकडं, आणि त्यांच्या मागं माझी आई झाडू घेऊन.

त्यांचा स्वतःचा एक नियम होता. जे वाचलं नाही ते बांधायचं नाही. छापखान्याचा मालक वैतागायचा. "अरे, तू बाइंडर है या प्रोफेसर?" म्हणायचा. बाबा हसायचे आणि डबा खाता खाता वाचायचे. वकिलांची जाडी पुस्तकं, शाळेची गाइडं, पाककृती, आयुर्वेद, कुणा निवृत्त साहेबानं स्वतःच्या खर्चानं काढलेलं आत्मचरित्र, सगळं. खराब छपाईचे, फेकून द्यायचे फर्मे ते घरी आणायचे. आमच्या भिंतीवरच्या फळीवर त्यामुळं कितीतरी गोष्टी अशा होत्या, ज्यांना सुरुवात नव्हती किंवा शेवट नव्हता. लहानपणी मी शेवटासाठी रडले की बाबा शेवट सांगायचे. तो त्यांनी स्वतः रचलेला आहे हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं.

इंग्रजीही वाचायचे, बैलगाडीच्या चालीनं. त्यांनीच बांधलेला एक शब्दकोश होता, त्यात मधला एक फर्मा कमी होता म्हणून तो विकायला गेला नव्हता. कमी असलेल्या पानांवरचा शब्द आला की ते मला हाक मारायचे, "सुजाता, हे सांग वं." मी पाचवीत होते तेव्हापासून त्यांचा तो हरवलेला फर्मा मीच होते, आणि मला त्याचा मोठा तोरा होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. माझे आजोबा गिरणीत होते. पगार घेताना ते अंगठा द्यायचे. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्यावर त्यांनी आजीला सांगितलं होतं की या घरातला अंगठा माझ्यापाशी संपला. स्वतः त्यांना लिहिणं कधी जमलं नाही, पण बाबांना त्यांनी मॅट्रिकपर्यंत नेलं. तेव्हापासून आमच्याकडं एक रीत पडली. घरातलं लेकरू पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सही करायला शिकलं की त्या दिवशी खीर करायची, आणि सगळ्या थोरांसमोर त्यानं सही करायची. माझी पहिली सही मी बाबांच्या एका पुठ्ठ्यावर केली होती. आजोबा तो पुठ्ठा घेऊन वस्तीभर हिंडून आले होते. अंगठ्याची शाईची डबी आमच्या घरात कधी आली नाही. बाबांना आकड्यांचे शिक्के मारायला ती लागायची तरी ते ती छापखान्यात ठेवूनच यायचे.

तर त्या वर्षी मी एम.ए. संपवून इंग्लंडच्या एका विद्यापीठात अर्ज करत होते. जाणं सगळं शिष्यवृत्तीवर अवलंबून होतं. ती मिळाली तर इंग्लंड, नाहीतर वस्तीतल्या शिकवण्या. आमच्याच भागातला एक दादा तिकडं शिकून आला होता, तो फोनवर सल्ला द्यायचा. माझा पहिला मसुदा वाचून तो म्हणाला, "लिहिलं चांगलं आहे गं, पण गोष्ट कुठं आहे? तिथं ढिगानं अर्ज येतात. वाचणाऱ्याच्या काळजाला हात लागला पाहिजे." मी त्याला बाबांबद्दल सांगितलं. बाइंडर आहेत, बांधतात ते सगळं वाचतात. "बाइंडर झकास आहे," तो म्हणाला, "पण वाचतात म्हटलं की मग त्यात गोष्ट काय राहिली?"

दादाला मी दोष देत नाही. खोटं लिही असं तो म्हणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी जरीपटक्यातल्या सायबर कॅफेत मी बसले होते. लाइट गेली होती, दुकानाबाहेर कॅफेवाले सिंधी काका खुर्ची टाकून ऊन खात होते, आणि मी वहीवर रेघोट्या ओढत होते. तेव्हा ते वाक्य आलं. इंग्रजीत आलं. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: माझ्या वडिलांनी आयुष्यभर अशी पुस्तकं बांधली, जी त्यांना कधीच वाचता आली नाहीत.

मी ते तीनदा पुटपुटून बघितलं. काय देखणं वाक्य होतं! आज वाटतं, निदान तेव्हा लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. उलट इतका आनंद झाला की लाइट येईपर्यंत मी चौकात जाऊन तर्रीपोहे खाऊन आले. पुढचं सगळं त्या वाक्याच्या मागं आपोआप चालत आलं. अक्षरांवरून नुसती बोटं फिरवणारे बाबा आले. 'यात काय लिहिलंय पोरी?' असं विचारणारे बाबा आले. खरे बाबा मला माहीत होते, पण खरं सांगायचं तर वाचणारा बाइंडर मला तेव्हा फार साधा वाटला. त्यात कुणाला काय रडू येणार? इतिहास शिकायला निघालेल्या मुलीनं स्वतःच्या घराचा इतिहास असा एका सकाळीत बदलला आणि वर पोह्यांवर तर्री मागून घेतली.

अर्ज गेला, आणि तोच निबंध शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडंही गेला. आठवड्याभरानं बाबा म्हणाले, "तुह्या अर्जाचा सगळा संच दे वं. बांधून ठेवतो. पुढं कामात येईन."

माझी सगळी प्रमाणपत्रं, बक्षिसांचे कागद त्यांनी असेच बांधून ठेवले होते. मी संच देऊन टाकला. ते वाचतील असं मनात आलं नाही असं नाही. पण दोन पानं बारीक टाइपातलं, विद्यापीठी इंग्रजी होतं. बाबा माझं नाव बघतील, पानं सारखी करतील आणि दाभण लावतील, असं मी धरून चालले.

तीन दिवस तो संच त्यांच्याकडं होता. त्या तीन दिवसांत ओट्यावर मी दोनदा शब्दकोश उघडा पडलेला पाहिला. त्यांनी मला एकही शब्द विचारला नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी संच माझ्या हातात दिला. निळं कापड, कोपरे अगदी चोख, शिलाई अशी की पान पूर्ण उघडावं आणि टाका दिसू नये.

"हे पाठवलं का त्याइले?" त्यांनी विचारलं.

"हो, झाले की आठ-दहा दिवस."

"बरं."

"कसं झालंय बाबा?"

"बांधणी चांगली झाली," ते म्हणाले.

आणि मी हसले. मला तो विनोद वाटला.

थंडी सरता सरता, संक्रांतीचे तिळगूळ डब्यात शिल्लक असताना, प्रवेशाचं पत्र आलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचा फोन आला की आमच्या मॅडम घरी येऊन भेटतील, घर पाहतील, आईवडिलांशी बोलतील. त्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन परत आले तर समोरची भिंत नुसती पांढरी दिसत होती. फळी रिकामी. एक पुस्तक नाही, एक फर्मा नाही, शब्दकोश नाही. बाबा दारात शेवटचा गठ्ठा सुतळीनं बांधत होते.

"पुस्तकं कुठं नेली?"

"विहारात ठेवली. वाळवी लागून राहिली होती."

"आजच?"

"पाहुणी येऊन राहिली नं. घर साफ दिसलं पाहिजे." आणि गठ्ठा सायकलवर टाकून ते निघून गेले.

मला वाटलं, घर आवरताहेत. मला खरंच तेवढंच वाटलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ठामपणे हो म्हणता येत नाही.

मॅडम चांगल्या होत्या. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, खादीचा कुर्ता, बोलणं मऊ. त्यांनी चप्पल बाहेर काढली, आईनं दिलेलं पाणी प्यायल्या, घर छान ठेवलंय म्हणाल्या. मग फाइल उघडून बाबांकडं वळल्या.

"काका, सुजाताचा निबंध आम्ही सगळ्यांनी वाचला. तुम्हाला वाचता येत नाही आणि तरी तुम्ही आयुष्यभर पुस्तकं बांधलीत, हे वाचून अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं हो."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी बाबांकडं पाहिलं. बाबा स्वतःच्या हातांकडं पाहत होते.

"हो बाई," ते म्हणाले. "नाही येत वाचता."

"शाळेत जायलाच मिळालं नाही का?"

"नाही मिळालं."

मॅट्रिकच्या परीक्षेला हाच माणूस भाड्याची सायकल घेऊन गेला होता. ती गोष्ट मी हजारदा ऐकली होती.

मॅडम लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी पेन थांबवलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. "पण काका, मग वाचता येत नसताना पानं क्रमानं कशी लावता तुम्ही?"

चुलीवर... नाही, गॅसवर दूध होतं, त्याचा आवाज येत होता, एवढं आठवतं. याचा विचार मी लिहिताना केलाच नव्हता. ते वाक्य तिथंच मोडून पडायचं होतं, आणि त्याच्याबरोबर इंग्लंड, शिष्यवृत्ती, मी.

बाबा म्हणाले, "आकड्याची वळख हाये बाई. हरेक फर्म्यावर आकडा रायते. एकाच्या मागं दोन, दोनाच्या मागं तीन. अक्षराशी आमचं काय काम?"

आई काहीतरी बोलायला पुढं झाली. बाबांनी तिच्याकडं न पाहता म्हटलं, "दूध उतू जाऊन राहिलं, पाय वं."

मग मॅडमनी एक कागद पुढं केला. घरभेटीचा, पालकांच्या संमतीचा. "इथं तुमची..." म्हणून त्या थबकल्या, ओशाळल्या, आणि पर्समधून शाईची डबी काढली. निळी, गोल, झाकणाची. बाबांच्या शर्टाच्या खिशाला नेहमी पेन असायचं. त्या दिवशी खिसा मोकळा होता. खिशाच्या तळाशी जुन्या शाईचा डाग तेवढा दिसत होता.

त्यांनी डावा हात पुढं केला. पण त्यांना अंगठा देता येत नव्हता. आयुष्यात दिलाच नव्हता. ते पॅडवर अंगठा दाबून धरून बसले, मग कागदावर नुसता टेकवला, तो फराटला. मॅडमनी दुसरा कागद काढला. "असा काका, असा फिरवून," म्हणत त्यांनी बाबांचा अंगठा स्वतःच्या बोटांत धरला आणि डावीकडून उजवीकडं फिरवला. बाबा शाळेतल्या पोरासारखे लक्ष देऊन बघत होते. या वेळी ठसा नीट उठला.

मी तेव्हा बोलू शकले असते. 'थांबा मॅडम, मी खोटं लिहिलंय.' एवढंच तर म्हणायचं होतं. घर तेवढंसं, सगळे हाताच्या अंतरावर. मी पुढं झाले आणि मॅडमना बिस्किटांची बशी दिली.

त्या गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले. बाहेर नळावर बाबा हात धूत होते. आईचा आवाज चढला होता. "काहून दिला जी अंगठा? काहून? तुमच्या बापानं काय सांगतलं होतं या घरात?"

"मंग काय करू? लेकीचा कागद खोटा पाडू का?"

साबणाच्या वडीचा दगडावर घासल्याचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला. मग सायकलची कडी निघाली आणि ते कामाला गेले.

मला बाहेर यायचं होतं. पाय धरायचे होते. मी पलंगावर बसून व्हिसाची यादी वाचत राहिले. लाज वाटली की मी काहीतरी वाचायला घेते, ही सवय कुणाची ते सांगायला नकोच.

मी इंग्लंडला गेले. पहिल्याच आठवड्यात आमच्या विभागाच्या स्वागताच्या कार्यक्रमात एका प्राध्यापिकेनं माझं ते वाक्य सगळ्यांना सांगितलं. लोकांनी वळून माझ्याकडं पाहिलं, एका बाईंनी माझा हात हातात घेतला. मी मान खाली घालून हसले, जशी गरीब बापाची गुणी लेक हसेल. रविवारी आईचा फोन यायचा. एकदा ती हसत हसत म्हणाली, "तुहे बाबा आता ओट्यावर पेपर नाही वाचत. त्या मॅडम मागच्याच कॉलनीत रायतात म्हणे. कुठून येतीन-जातीन, पायतीन, म्हणून मधात बसून दार लोटून वाचतात. पेपर चोरून वाचणारा माणूस पाह्यला का तू कुठं?" मीही हसले. फोन ठेवला आणि त्या परक्या गावातल्या खोलीत ढसाढसा रडले. घरच्या ओट्यावर, सकाळच्या उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला बातमी सांगत मोठ्यानं पेपर वाचणं, एवढीच तर त्या माणसाची ऐट होती. ती मी घेतली होती.

परत आले तेव्हा पुस्तकं फळीवर आली होती. बाबा पुन्हा ओट्यावर वाचू लागले होते, पण मनातल्या मनात, ओठ मिटून. मोठ्यानं वाचलेलं मी नंतर कधी ऐकलं नाही. मला नोकरी लागली. ते निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी, अशीच संत्र्यांच्या दिवसांतली एक दुपार होती, ते जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत. विहारात लोक जमले, त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. मला बोलायला सांगितलं. मी उठले नाही.

काल मोनाली पुन्हा आली. यावेळी केस नीट बांधलेले, चेहरा उतरलेला.

"मॅडम, आईले सांगतलं मी. ओळीन् ओळ."

"मग?"

"ती मेथी निवडून राहिली होती. सगळं आयकलं तिनं. मंग म्हणे, 'हे कोण बाई होय?' मी म्हटलं, तूच. तं मेथी तशीच टाकून उठली अन् भांडे घासायला गेली." मोनाली रडायला लागली. "मॅडम, ती मले मातीचा वास घेऊन सांगते, भाजी कोण्या वावरातली आहे ते. मी ते लिहिलंच नाही. मी काहून असं केलं असन?"

मी तिला पाणी दिलं. तिला म्हटलं, बस इथंच आणि लिही, वास घेऊन काय सांगते ते लिही. ती माझ्या टेबलाशी दुपारपर्यंत लिहीत बसली. मी समोर उत्तरपत्रिका घेऊन बसले होते, एकही तपासली नाही. 'हे कोण बाई होय?' माझ्या बाबांनी मला हेच सांगितलं होतं, त्यांच्या पद्धतीनं, एकदाच. ते जायच्या आदल्या हिवाळ्यात.

रविवार होता. विहाराच्या अंगणात बाबा पोरांची फाटकी पाठ्यपुस्तकं शिवून देत बसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. मी शेजारी बसून दोरा ओवून देत होते, कारण त्यांना सुईचं नाकं दिसेना झालं होतं. ऊन पाठीवर होतं, जवळपास कुणी नव्हतं. सहा-सात वर्षं घशात अडकलेलं मी एकदाचं बाहेर काढलं.

"बाबा, तुम्ही माझा तो कागद वाचला होता नं? इंग्लंडचा?"

"वाचला होता."

"मग मला काही बोलले काहून नाही?"

"तो तं गेला होता नं तिथं. बोलून काय होणार होतं?"

"आणि तो अंगठा..."

"सोड वं ते. शाई होय, दोन दिसांत गेली." त्यांनी टाका ओढून घेतला, गाठ मारली, पुस्तक उघडझाप करून पाहिलं. मग माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "इंग्रजी लय जड होती तुही. तीन दिवस लागले मले. ते वाक्य आलं तवा मले वाटलं, हे दुसऱ्या कोण्या माणसाचं असन. पोरीनं पहिले त्याचं लिहिलं, आता पुढच्या ओळीत मी येईन. पुढची ओळ वाचली. मंग वाटलं, त्याच्या पुढच्या ओळीत येईन. असं करत करत वाचत गेलो. कागद संपला, अन् मी काही आलोच नाही."

त्यांनी पुढचं पुस्तक उचललं आणि दोऱ्यासाठी हात पुढं केला. मी दोरा दिला. 'चुकलं बाबा' एवढंसुद्धा माझ्या तोंडातून निघालं नाही. त्यांनी वाट पाहिली असेल का, मला माहीत नाही. पोरं खेळून परत येईपर्यंत आम्ही पुस्तकं शिवत बसलो.

दोन पानं होती ती. जागा पुष्कळ होती, बाबा. मीच तुम्हाला घेतलं नाही.